प्रति: स्मारकांवरचं बायबलचं वचन
सैनिकांच्या स्मारकावर योहान १५:१३ ("मित्रांसाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही" हे येशूचं वचन) कोरणं म्हणजे चर्चनं युद्धाला आशीर्वाद देणं, असं या चर्चेत वर कुणी म्हटलंय ते मला अर्धंच पटतं. येशू तिथे स्वतःचा प्राण देण्याबद्दल बोलतोय, घेण्याबद्दल नाही, आणि हा फरक चर्चनं बरेचदा पुसला हे मात्र खरंय. पण डेव्हिड रेल्टनचा विषय कुणीच काढला नाही. पहिल्या महायुद्धातले हे ब्रिटिश पाद्री ज्या झेंड्यावर प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा ख्रिस्ती विधी) मांडायचे तोच मेलेल्या पोरांवर पांघरायचे. १९१६ मध्ये फ्रान्समधल्या आर्मेंतिएरजवळ त्यांना एका कबरीच्या क्रुसावर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, अज्ञात ब्रिटिश सैनिक. नाव वगैरे काही नाही. त्यांच्याच कल्पनेवरून ११ नोव्हेंबर १९२० ला एक निनावी सैनिक लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या चर्चमध्ये राजेरजवाड्यांच्या शेजारी पुरला. ज्या आयांना मुलाचं प्रेतसुद्धा मिळालं नव्हतं त्यांना रडायला एक जागा झाली, याला युद्धाचं कौतुक कसं म्हणायचं?