हेन्रीचा हात काही बसत नाही: तलवारबाजीचे तुमचे अनुभव सांगा

कपाशीवाला
राम राम मंडळी. धागा काढायचं कारण जरा लाजिरवाणं आहे. सोयाबीन निघालं, कापसाच्या वेचणीला अजून आठ-दहा दिवस आहेत, रात्री मोकळ्या मिळाल्या म्हणून ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ हा गेम परत लावला. पहिला भाग, २०१८ चा. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: १४०३ सालचं बोहेमिया, जादूटोणा नाही, राक्षस नाहीत. आपण हेन्री, लोहाराचं पोर. सुरुवातीला त्याला तलवार धड धरताही येत नाही.

माझं घोडं अडलं प्रिबिस्लाविट्झला, डाकूंच्या तळावर. तिथल्या पडक्या चर्चमध्ये रंट नावाचा धिप्पाड गडी आहे. त्यानं मला अकरा वेळा झोपवलं. बाराव्या वेळी तो गुडघ्याला आला होता, शपथेवर सांगतो, आणि आमची लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहिला, पीसी बसला. अंधारात मी माऊस धरून बसलेलो, आतून बायको म्हणते, “झोपा आता, तो मेला असेल.”

व्हिडिओ पाहा म्हणून सांगू नका, पाहून झाले. त्यातल्या सगळ्यांचा हेन्री वीसच्या लेव्हलचा असतो. तुमचा हात कधी आणि कसा बसला तेवढं सांगा.

थ्री_फेज
भाऊ, मलेबी रंटनं लय बदाडलं होतं. मंग समजलं का घोळ रंटपाशी नाही, रट्टाय गावामंदीच झाला. कप्तान बर्नार्ड तिथं सरावाच्या मैदानावर उभा रायते. म्या त्याच्यासंगं पयल्या दिवशी दोन हात केले, म्हटलं झालं शिकून, अन् निंघालो डाकू माराले. मेलो.

मंग तीन रात्री तिथंच मुक्काम ठोकला. लाकडी तलवार घ्याची अन् वार एकबी नाही कराचा. मधात हिरवी ढाल चमकते पाय, ते दिसली का ब्लॉकचं बटन. बस. पयल्या रात्री धा वारांत दोन अडले, तिसऱ्या रात्री सात-आठ. अन् हे ध्यानात घे, तुह्या बोटाले सवय लागून भागत नाही, हेन्रीलेबी लागा लागते. ताकद, चपळाई, बचाव हे त्याचे आकडे वाढल्याबिगर त्याचा हातच जड रायते. लाकडी तलवारीचा मार खाऊन हेन्री मरत नाही, आकडे तेवढे चढतात. फुकटचं खत हाय ते.

अन् मास्टर स्ट्राइक, म्हंजे अडवता अडवताच उलटा वार, बर्नार्डले इचारून शिकला का नाही? का तेबी रायलं?

कपाशीवाला
रायलं. तो शिकवतो हेच मला आत्ता समजलं.

थ्री_फेज
मंग रंटले कायले शिव्या देतं बाप्पा!

संत्राबर्फी
मी वर्धा जिल्ह्यातली. कंट्रोलरवर खेळते, त्यामुळे माऊसचं मला विचारू नका दादा.

माझी चूक वेगळी होती. मी लाल पट्टीकडे बघायचे, आपला जीव किती उरला म्हणून. बघायची असते पिवळी, म्हणजे दम. दम शिल्लक असेपर्यंत बराचसा मार तीच पट्टी खाते. ती संपली की मग प्रत्येक घाव सरळ अंगात. आणि आपण स्वतः ती कशानं रिकामी करतो? सपासप वार करून. मी पाच-सहा वार हाणायचे, समोरचा ते ढालीवर घ्यायचा, मग तो एकच मारायचा आणि हेन्री आडवा. चिडून मी कंट्रोलर गादीवर फेकायचे. (गादीवरच. तो फुटला तर दुसरा कोण घेऊन देणार?)

शेवटी धाकट्या भावाला शेजारी बसवलं. मी दोन वार केले की त्यानं “माग्ं!” ओरडायचं. दोन वार, मागे, पट्टी भरू द्यायची, परत पुढे. त्यातही ब्लॉक सतत दाबून धरला तर दम लवकर भरत नाही, हे फार उशिरा लक्षात आलं. हात खाली सोडून नुसतं अंतर राखायचं. चार दिवसांनी भाऊ कंटाळून गेला, पण त्याचं “माग्ं” डोक्यात राहिलं. अजूनही ऐकू येतं.

पांदण_रस्ता
एकट्या माणसाशी कसं लढायचं ते सगळेच सांगतात. माझा जीव जायचा तो तिघं-चौघं आले की. एकावर लॉक करायचो, म्हणजे नजर त्याच्यावरच बांधायचो, आणि दुसरा पाठीत घालायचा.

आमच्याकडे पांदणीत समोरासमोर दोन बंड्या आल्या तर एकीला थांबावंच लागतं. तेच केलं. मोकळ्या रानात उभं राहायचंच नाही. दार, दोन भिंतींमधली गल्ली, पडक्या वाड्याची फट, काहीही बघायचं आणि त्यात मागे सरकत जायचं. एका वेळी एकच येतो, बाकीचे त्याच्या पाठीमागे खोळंबतात. जागा नसेल तर सरळ पळायचं. सगळे सारख्या वेगानं धावत नाहीत, चिलखतवाला मागे पडतो. पुढे आलेल्याला आधी घ्यायचं. पळण्यात कमीपणा कसला? हेन्री स्वतः त्याच्या गावातून, स्कालिट्झमधून, पळूनच वाचला आहे.

वस्तादांचा_चेला
मी अमरावतीकडचा. लहानपणी तीन उन्हाळे लाठी शिकलो. आमचे वस्ताद हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात, १९१४ पासून चालू असलेल्या संस्थेत, घडलेले. पहिले पंधरा दिवस त्यांनी लाठी हातात दिली नाही, नुसता पायतरा. आम्ही पोरं तुराट्या घेऊन चोरून मारामारी करायचो, ते दिसलं की त्याच तुराटीनं पोटरीवर बसायची.

गेममध्ये मला पायांची आठवण उशिरा आली. शत्रूच्या सरळ समोर उभं राहून ढाल-वार-ढाल करण्यापेक्षा त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला सरकत राहिलो की त्याचे अर्धे वार हवेत जातात. टप्प्याच्या अर्धा पाऊल बाहेर उभं राहायचं, त्याचा वार फुकट गेला की आत शिरायचं. आणि मार फसवा. वरून मारायची दिशा दाखवायची, ऐन वेळी खालून घालायचा. लाठीत हेच करतात.

खरं सांगायचं तर मास्टर स्ट्राइक मला आवडत नाही. जुन्या जर्मन तलवारबाजीत एकाच हालचालीत अडवणं आणि मारणं असे डाव होतेच, म्हणून ते गेममध्ये आहे, ठीक. पण एकदा जमलं की माणूस नुसता वाट बघत उभा राहतो. समोरचा मारेल, मी उलटवेन. बगळ्यासारखं. शत्रूही तेच करतात, म्हणून आपले लांबलचक कॉम्बो, म्हणजे ठरलेल्या क्रमाचे सलग वार, मध्येच तुटतात. कॉम्बो पाठ करण्यात वेळ घालवू नका, एवढं माझ्याकडून.

लोहारवाडा
आजा लोहार होता, म्हणून हेन्रीवर माझा जरा जास्त जीव.

तुम्ही सगळे हाताबद्दल बोलताय, हत्याराबद्दल कोणी बोलेना. पोलादी चिलखत घातलेल्याला तलवारीनं कापायला जाणं म्हणजे घणाचं काम विळ्यानं करणं. त्याला गदा पाहिजे. पत्रा कापला जात नाही, पण ठोका आत पोचतो. कोंबडीचोर डाकू असेल, अंगात नुसता सदरा, तिथं तलवार उत्तम. मी दोन्ही बाळगतो, समोरच्याच्या अंगावर काय आहे ते बघून काढतो.

चिलखतही थरांनी घाला. आत जाड गादीसारखा अंगरखा, त्यावर कड्यांचं जाळं, त्यावर पत्रा. नुसता पत्रा मिरवू नका. तोंड झाकणारं शिरस्त्राण घातलं की फटीतून बघावं लागतं, बाजूचा माणूस दिसत नाही. मी ते काढून उघडं घातलं, तेव्हापासून पाठीत वार कमी.

आणि तलवारीला धार लावा हो. सहाणेचा दगड फिरताना ठिणग्या बघायला मिळतात, तोच माझा अर्धा आनंद.

पंचेचाळीस_डिग्री
चंद्रपूर जिल्हा. माझा दोष हातात नव्हता, लॅपटॉपात होता. मे महिन्यात दुपारी खेळायचो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो, चित्र अडखळतं, हिरवी ढाल दिसेपर्यंत तलवार पोटात. सहा महिने स्वतःला दोष दिला. सावल्या कमीत कमी केल्या, रिझोल्यूशन उतरवलं, पहाटे पाचला खेळायला लागलो. त्याच आठवड्यात परफेक्ट ब्लॉक जमला. लॅपटॉप कुलरच्या तोंडापुढे ठेवू नका, ओल धरते.

बंडीवाला
मी ‘बॅनरलॉर्ड’वाला, तोही तलवारबाजीचाच गेम. तिथं चार दिशा, ढाल नसेल तर ज्या दिशेनं वार त्याच दिशेनं अडवायचं. सराव शहराच्या आखाड्यात, बोथट हत्यारांनी. तिथून इकडे आलो तर चार दिवस सगळं उलटंसुलटं झालं. एक सवय मात्र कामी आली: तलवारीकडे बघायचं नाही, खांद्याकडे बघायचं.

संत्राबर्फी
दुसरा भाग (२०२५ चा) कोणी घेणार असेल तर सांगते, इथला मास्टर स्ट्राइक तिथं तसाच चालत नाही. तो फक्त तलवारीनं होतो आणि समोरच्याच्या वाराच्या विरुद्ध दिशेनं मारावा लागतो. वस्तादांच्या चेल्यांची बगळ्याची तक्रार तिथं थोडी कमी होईल.

थ्री_फेज
अन् लाइटचं का केलं भाऊ? सेव्हियर श्नॅप्स ठेवत जा खिशात. वाईन, खाजकुयलीवानी ते नेटल अन् बेलाडोना, घरीच काढता येते. लढाईच्या आंधी एक घोट, सेव्ह होते. नाहीतं मेन्यूतून सेव्ह करून बाहेर निंघ अन् परत ये.

कपाशीवाला
मंडळी, अहवाल देतो. तीन रात्री बर्नार्डकडे घातल्या. पहिल्या रात्री डोकं धरून बसलो, तिसऱ्या रात्री सलग सहा वार अडवले, तेव्हा पोराला उठवून दाखवावंसं वाटलं. मास्टर स्ट्राइक शिकलो. रट्टायला गदा घेतली, आत अंगरखा घातला, श्नॅप्स प्यालो. वाटेत दोन डाकू भेटले, त्यांना गल्लीत ओढून एकेक करून घेतलं, “माग्ं” म्हणत. ताई, तुमच्या भावाला निरोप द्या.

मग चर्चमध्ये गेलो. रंट समोर आला आणि माझ्या लक्षात आलं, या गड्याच्या डोक्यावर काहीच नाही. धनुष्य पाठीला होतंच. गेममध्ये नेम दाखवणारा ठिपका नसतो, पहिला बाण भिंतीत गेला. दुसरा कपाळात. तलवार, गदा, काहीच काढायची वेळ आली नाही.

थ्री_फेज
हे धाग्यात बसत नाही बे!

कपाशीवाला
मान्य. तो सेव्ह ठेवला आहे. आज रात्री परत जातो, धनुष्य पेटीत ठेवून. सोमवारपासून वेचणी आहे.