मदत हवी आहे: भाचा रत्नागिरीला ट्रॉलरवर खलाशी म्हणून निघालाय, पाठवण्याआधी काय बघून घ्यावं?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. आम्ही सांगली जिल्ह्यातले, पलूस तालुक्यातले. माझा भाचा, वय २२, मासेमारीची बंदी १ ऑगस्टला उठली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलरवर (जाळं ओढत मासे धरणाऱ्या यांत्रिक बोटीवर) खलाशी म्हणून जाणार आहे. गावातल्याच एकानं जोडून दिलंय. तीस हजार उचल घेतली आणि बहिणीनं त्यातून सोसायटीचं थकलेलं भरूनही टाकलं. त्यामुळे "जाऊ नको" एवढं म्हणून आता भागत नाही. पाठवायचा तर काय बघून, काय लिहून घेऊन पाठवावा, हे जाणत्यांनी सांगावं.

आम्ही भोई. पाण्याची भीती आमच्या घरात कुणालाच नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा ह्या पोरानं आणि माझ्या भावानं गल्लीतली म्हातारी माणसं नावेतनं बाहेर काढली. म्हणून घरात सगळ्यांचं एकच पालुपद, "त्याला पोहता येतं, काळजी कसली?" मला नेमकं हेच खटकतं. त्याच महापुरात आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळची बोट उलटली. माणसं जास्त भरलेली आणि अंगावर लाइफ जॅकेट नाही. काठ जवळ असून माणसं गेली. नदीत वाहून गेलेला माणूस खाली कुठंतरी काठाला लागायची आशा तरी असते. समुद्रात रात्री मागच्या बाजूनं कुणी पडला आणि इतरांनी पाहिलंच नाही, तर बोट पुढं निघून जाते. पोहून तो जाणार कुठं?

आंबा घाटानं जाऊन आम्ही दोघं बंदर बघून आलो. मालक बोलायला चांगला वाटला. बोटीवर नेपाळची आणि कर्नाटकातली माणसं बरीच होती. जॅकेटं होती, पण जाळ्याच्या ढिगाखाली दोरीनं बांधलेली. एका खलाशाच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. विचारलं तर "विंच" एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. परतताना भाचा एरवीसारखाच बोलत होता, मी मात्र गप्प झालो.

एक फेरी आठ-दहा दिवसांची असते म्हणे. एवढ्या दिवसांत झोप किती मिळते? फोन लागत नाही तेव्हा घरच्यांनी खबर कुणाकडून घ्यायची? काही बरंवाईट झालं तर तो त्या बोटीवर होता हे आम्ही कशावरून दाखवायचं? आणि मधेच नको वाटलं तर उचल फिटेपर्यंत अडकवून ठेवतात का? ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम काय करतात ते आपल्याकडं सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून हे आधीच विचारतोय.

बंदरकाठ:

दादा, आमचे बाबा तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, होते, भाऊ अजून जातो. पोहण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. आमच्याकडे बुडालेले बहुतेक सगळे पोहणारेच होते.

ट्रॉलर आहे म्हणजे मुख्य धोका वायरचा. जाळं ओढताना विंचवर, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, लोखंडी वायर ताणलेली असते. ती तुटली किंवा जाळं खडकात अडकून एकदम सुटलं, तर समोरचा माणूस कापला जातो. जाळं पाण्यात सुटत असताना दोरीच्या वेटोळ्यात पाय सापडला तर माणूस जाळ्याबरोबर खाली जातो. भाच्याला पहिल्या दिवसापासून सांगा, वेटोळ्यात उभं राहायचं नाही, वायरच्या रेषेत उभं राहायचं नाही. विंचजवळ सैल शर्ट, गळ्यातला गमछा, हातातला कडा-दोरा काही नको. आणि रात्री लघवीला एकट्यानं बोटीच्या कडेला जायचं नाही, कुणाला तरी उठवून जायचं. हे लिहायला संकोच वाटतो, पण माणसं अशीच पडतात.

झोपेचं विचारलंत. ट्रॉलरवर दोन-तीन तासांनी जाळं वर येतं, मासळी निवडून बर्फात घालेपर्यंत दुसरं ओढायची वेळ होते. सलग झोप नसतेच. माझ्या मते बोटं जातात ती विंचमुळे कमी आणि ह्या अर्धवट झोपेमुळे जास्त. तांडेल माणसं पाळीनं झोपवतो का, हे त्याच बोटीवरच्या जुन्या खलाशाला बाजूला घेऊन विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही.

मासळी ठेवायच्या कप्प्यात कुणी सांगितलं तरी एकदम उतरायचं नाही. मासळी कुजली की आत विषारी वायू होतो, हवाही उरत नाही. आधी झाकण उघडं टाकून वारा खेळू द्यायचा. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घ्यायची नाही, तशानं एकामागे एक जातात.

तुम्ही सांगलीचे, म्हणून एक मुद्दाम लिहिते. बत्तीस शिराळ्याच्या बाजूच्या पोरांना सापाचं भय नसतं, हे मी पाहिलंय. आमच्याकडचा एक खलाशी जाळ्यातला साप हातानं उचलून फेकायचा. समुद्री साप जाळ्यात नेहमी येतात, शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते. चावलेलं फारसं दुखतही नाही. काही वेळानं अंग आखडतं, जबडा उघडेना होतो, लघवी काळपट होते. आपल्या दवाखान्यात मिळणारी सापाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवरची, ती ह्या सापावर चालत नाही. म्हणून हात लावायचाच नाही. चावलाच तर हात-पाय न हलवता ठेवायचा आणि बोट तिथूनच किनाऱ्याकडे वळवायची, "बघू संध्याकाळी" चालणार नाही.

खबरीचं असं. किनारा मागे पडला की मोबाईल जातो. बोटीवर व्हीएचएफ वायरलेस आहे का आणि चालतो का, हे डोळ्यानं बघा. संकटात चॅनेल १६ वर बोलायचं, हे भाच्यालाही यायला हवं, कारण तांडेलच पडला तर बोलणार कोण? इस्रोनं बनवलेलं संकट संदेश यंत्र किंवा ट्रान्सपाँडर (बोट कुठं आहे ते कळवणारं यंत्र) असेल तर उत्तम. किनाऱ्यावरून तुम्ही तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करू शकता. बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला आणि तरी मालक "जाऊन येऊ" म्हणाला, तर त्या बोटीवर थांबायचं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा बोटी बाहेरच होत्या. ती रात्र आमच्या आईनं जेटीवर काढली. बाबा परत आले, शेजारचे दोघे आले नाहीत.

मिरजेचा वकील:

कागदाचं मी सांगतो. समुद्रात जाताना खलाशांची नावं द्यावी लागतात, त्या यादीत भाच्याचं नाव आधारप्रमाणे बिनचूक आहे का ते पाहा. प्रत्येक फेरीआधी त्यानं त्या यादीचा आणि बोटीच्या नोंदणी क्रमांकाचा फोटो घरी पाठवावा. मच्छिमाराचं ओळखपत्रही काढून घ्या.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छिमारांचा गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, दवाखान्याच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, पण नाव नोंदलेलं असावं लागतं. ही योजना गोड्या पाण्यातल्या मच्छिमारांनाही आहे, त्यामुळे तुमच्या भोई समाजाच्या मच्छिमार संस्थेत चौकशी करा. कदाचित नोंदणी गावातूनच होऊन जाईल.

माणूस बेपत्ता झाला आणि देह मिळाला नाही, तर घरच्यांचे फार हाल होतात. सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर मृत धरावं, अशी कायद्यात तरतूद आहे, तोवर बायका-मुलं लटकत राहतात. म्हणून बोट परतल्या दिवशीच सोबतच्या खलाशांचे जबाब पोलिसांत नोंदवून घ्यायला हवेत. परप्रांतातली माणसं हंगाम संपला की निघून जातात, मग साक्षीला कुणी उरत नाही.

उचलीबद्दल. पैसे फिटले नाहीत म्हणून माणसाला कामावर अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. पैसे वसूल करायचे तर मालकाला दुसरे मार्ग आहेत. आणि रक्कम, पगार, हंगामाची मुदत एका कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. मालक चांगला असेल तर एका कागदाला नाही म्हणणार नाही.

विश्रांतीचा मुद्दा वर आलाय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००७ च्या मासेमारी करारात, तीन दिवसांहून जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटीवर २४ तासांत किमान १० तास विश्रांती सांगितली आहे. भारतानं तो करार स्वीकारलेला नाही. स्वीकारावा, असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाकाठ:

दोघांचेही आभार. ताई, तुमचं लिखाण भाच्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. सापाचं ऐकून तो पहिल्यांदा गंभीर झाला. बहिणीनं विचारलं, "फयानमधून न आलेल्या त्या दोघांच्या घरचं पुढं काय झालं?"

वकीलसाहेब, मत्स्य संस्थेत उद्याच जातो. कागद झाल्याशिवाय आणि जॅकेट वर निघाल्याशिवाय तो बोटीवर चढणार नाही, हे मी मालकाला फोनवर सांगितलंय. त्याला राग आलेला दिसला नाही. उचल परत करायची वेळ आली तर माझी एक म्हैस आहे, तीही तयारी ठेवलीय.

अजून एक हवंय. त्या तांडेलाची माहिती कशी काढू? बंदरात आमच्या ओळखीचं कुणीच नाही.

बंदरकाठ:

दादा, त्या दोघांच्या घरी एक पैसा लवकर आला नाही. एकाची बायको आता बंदरावर मासळी निवडते. तुमच्या बहिणीला हे खरं सांगा.

बोटीचं नाव आणि 'आयएनडी-एमएच'नं सुरू होणारा क्रमांक मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भाऊ रविवारी बंदरात असतो. तांडेल कोण, बोट कधीची, मागच्या हंगामात किती माणसं मधेच सोडून गेली, हे तो विचारून ठेवेल.