पुस्तकं रद्दीत द्या म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय

आप्पा जामनेरकर: परवा एकाने लिहिलं होतं, "पुस्तकांचं कपाट म्हणजे वाळवीचं घर, रद्दीत द्या, सगळं मोबाईलवर मिळतं." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. आमचे बाबा कापूस विकला की एक-दोन पुस्तकं घ्यायचे आणि पहिल्या पानावर तारीख अन् त्या वर्षीचा कापसाचा भाव लिहायचे. बाबा गेले. आता मी भाव बघायला पुस्तक उघडतो आणि चार पानं वाचूनच ठेवतो. हे मोबाईलवर कुठून आणू?

केळीवाला रावेर: मीच लिहिलं होतं ते. आप्पा, आमच्या गावचं वाचनालय ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीचं, अनुदान रखडलं की कुलूप. आईला बारीक अक्षर दिसत नाही. साने गुरुजींचा कॉपीराइट २०११ पासून उठलाय, मी फुकट उतरवून दिलं, अक्षर बोटाएवढं करून रोज वाचते ती. तिला तुमच्या कपाटाचा काय उपयोग?

धुळेकरीण: फुकटचं ठीक आहे हो, पण विकत घेतलेलं तरी आपलं असतं का? २००९ साली ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून ऑर्वेलची पुस्तकं काढून घेतली, पैसे परत दिले पण पुस्तक गेलंच ना. माझं एका ॲपवरचं खातं बंद झालं, अकरा पुस्तकं गेली, कोणी फोनसुद्धा उचलला नाही. आमच्या वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची जुनी हस्तलिखित बाडं बघून या, ना चार्जर ना पासवर्ड.

केळीवाला रावेर: त्या बाडांना कसर लागली तर स्कॅनच उरेल. आणि कागदाचं एवढं काय, बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, तरी अहिराणीतली ती गाणी राहिलीच की.

आसोद्याचा भाचा: अहिराणी नाही भो!! लेवा गणबोली. किती वेळा सांगायचं?

धुळेकरीण: बरं, लेवा. पण 'माले-तुले' दोन्हीकडे आहे ना? तुम्हा जळगाववाल्यांना धुळं-नंदुरबार खान्देशात धरायचंच नसतं, माझी आजी साक्रीची, जात्यावर तीच गाणी म्हणायची.

आसोद्याचा भाचा: ताई, तुमच्याकडे 'मनी माय', आमच्याकडे 'माही माय'. आजीने म्हटली म्हणून बोली बदलत नाही. आमच्या बोलीचं नावच कोणी घेत नाही, सगळं अहिराणीत ढकलतात, म्हणून राग येतो.

धुळेकरीण: राग समजला. पण हाकलल्यासारखं बोलू नका.

आप्पा जामनेरकर: बहिणाबाईंच्या मुलाने, सोपानदेवांनी ती गाणी वहीत उतरवली, वही अत्र्यांनी पाहिली, १९५२ साली पुस्तक आलं. ती वही नसती तर आज कोणत्या गाण्यांवरून भांडला असता तुम्ही?

केळीवाला रावेर: वही छापली म्हणून गाणी वाचली आप्पा, कपाटात ठेवली म्हणून नाही. 'रद्दीत द्या' हे जास्त झालं, तेवढं मागे घेतो, बाकीचं नाही. पण बाबांच्या त्या पानांचे फोटो काढून ठेवा, पावसाळ्यात भिंतीला ओल येते.

आप्पा जामनेरकर: काढतो. १९७२ च्या पुस्तकावर भावाच्या जागी नुसतं 'दुष्काळ' लिहिलंय. त्याही वर्षी एक घेतलं होतं त्यांनी. त्याचा पहिला काढतो.