मेलेला हिरो परत येणार असेल, तर आम्ही रडायचं कशाला?

मांजराकाठ (लातूर)

एप्रिल २०१९. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'चा हिंदी शो, लातूरलाच. सोबत मावसभाऊ, तेव्हा आठवीत. टोनी स्टार्कनं चुटकी वाजवली, अर्धा चेहरा भाजला, छातीतला दिवा विझला. आमच्या अख्ख्या रांगेत कुणी पॉपकॉर्नला हात लावला नाही. मावसभावानं थ्रीडीचा चष्मा काढला, बाहीनं आधी चष्मा पुसला, मग डोळे. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

जुलै २०२४ च्या एका रविवारी सकाळी त्याच पोरानं मला व्हिडिओ पाठवला. अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनचा मंच, हिरव्या झग्यातला माणूस मुखवटा काढतो, आत रॉबर्ट डाउनी ज्युनियर, टोनी स्टार्क झालेला तोच नट! आता तो डॉक्टर डूम हा खलनायक होणार. मावसभाऊ आनंदानं वेडा झालेला. मला मात्र कुणीतरी खिशातून काहीतरी काढून नेल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' पाहिला. २०१७ च्या 'लोगन'मध्ये वुल्व्हरिन म्हणजेच लोगन मरतो, आणि ती लहान पोरगी बापाच्या थडग्यावरचा क्रूस तिरपा करून त्याचा एक्स करते, त्याच्या एक्स-मेन टोळीची खूण. सुपरहिरोच्या सिनेमात एवढं शांत दृश्य मी दुसरं पाहिलं नाही. नव्या सिनेमात सुरुवातीलाच तेच थडगं उकरून त्या हाडांनी मारामारी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला बसवेना.

म्हणणं असं आहे की, मरणाला किंमत उरली नाही तर पराक्रमालाही उरत नाही. उलट 'ड्यून' बघा. पहिल्या भागात वाळवंटातला सरदार राजासमोर टेबलावर थुंकतो. सगळे तलवारीला हात घालतात, आणि मग कळतं की त्यानं अंगातलं पाणी भेट दिलंय, हा मान आहे. दुसऱ्या भागात (मार्च २०२४) मेलेल्यांच्या अंगातलं पाणी साठवलेलं तळं आहे. तहानेनं जीव गेला तरी त्याला कुणी तोंड लावत नाही. २०१६ ला ज्यानं लातुरात उन्हाळा काढला त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत घागरींवर खडूनं नंबर टाकून रात्रभर रांग. आई भांडी घासलेलं पाणी बादलीत धरून ठेवायची. त्या तळ्याच्या दृश्याला माझ्या अंगावर काटा आला, कारण तिथं एका थेंबालाही किंमत आहे.

तिसरी रांग (जालना)

मांजराकाठ, लिहिलंय मनापासून, पण एक चूक आहे. २०२४ चा वुल्व्हरिन हा मेलेला लोगन नव्हेच. तो दुसऱ्या विश्वातला आहे. त्याच्या जगातले सोबती गेले तेव्हा हा तिथं नव्हता आणि ते ओझं तो पिक्चरभर वागवतो. २०१७ चा लोगन मेला तो मेलाच, हाडं दाखवून सिनेमा पहिल्या पाच मिनिटांत तेच सांगतो. डूमचंही तसंच. चेहरा परत येतोय, टोनी नाही.

आणि शिट्ट्यांचं म्हणाल तर त्यातली एक माझी होती. ह्यू जॅकमन २००० सालापासून ही भूमिका करतोय. कॉमिकमधला पिवळा पोशाख अंगावर घालून लढायला त्याला चोवीस वर्षं लागली. कामून नाही वाजवायची शिट्टी?

प्रेक्षक मेंढरासारखा मागं जातो असंही नाही. याच मार्व्हलचा 'द मार्व्हल्स' २०२३ ला आला आणि जगभरात २१ कोटी डॉलरच्या आतच थांबला. पुढच्याच वर्षी 'डेडपूल'नं १३० कोटींच्या वर नेले. जिथं जीव लागला तिथं लोक गेले, जिथं नाही लागला तिथं गेले नाहीत.

मांजराकाठ

दुसऱ्या विश्वातला आहे म्हटलं की कागदावर हिशेब जुळतो. पण मी रडलो होतो तो त्या चेहऱ्यासाठी, त्या आवाजासाठी. विश्वाचा नंबर बघून कुणी रडत नाही.

भारतात परभणी

मला दोघांचंही अर्धंच पटतंय.

आमच्या गावी दरवर्षी सप्ताह बसतो. कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला निघतो ते आख्यान लागलं की माझी आजी पदर डोळ्याला लावते. ऐंशीच्या पुढं वय. हे आख्यान तिनं पन्नास वेळा तरी ऐकलं असेल, पुढं काय होतं ते तोंडपाठ आहे, कंस मरणार, कृष्ण राजा होणार, सगळं. तरी रडते. म्हणजे शेवट ठाऊक असला, हिरोला काही होणार नाही हे ठाऊक असलं, तरी रडू येतंच. मग टोनीचा चेहरा पुन्हा दिसणार म्हणून २०१९ चं तुमचं रडू खोटं कसं ठरलं? ते तुमच्याजवळच आहे, कुणी नेलं नाही.

मांजराकाठ

ताई, आजींना नमस्कार. पण त्या आख्यानात कृष्ण परत गोकुळात येत नाही. कुठलाच कीर्तनकार दुसऱ्या दिवशी उभं राहून सांगत नाही की, कालचं सोडा, आज तो आला आणि यशोदेला भेटला. ज्या दिवशी असं सांगतील त्या दिवशी आजी पदर डोळ्याला लावायच्या थांबतील.

भारतात परभणी

हे खरं आहे. रात्रभर डोक्यात घोळलं, म्हणून आज पुन्हा लिहिते.

आपल्याकडं मेलेला परत येत नाही असं मात्र नाही. सत्यवान आला. पण सावित्री यमाच्या मागं चालत गेली, त्याच्याशी बोलत राहिली, एकेक वर मागून घेतला, तेव्हा कुठं त्यानं सोडला. आम्ही दरवर्षी वडाला दोरा गुंडाळतो तो त्या चालण्यासाठी. परीक्षित गर्भातच गेला होता, कृष्णानं आपलं सगळं सत्य पणाला लावलं तेव्हा उठला. आणि अभिमन्यू? सख्खा मामा कृष्ण असून नाही आला.

अश्वत्थामा तर मरतच नाही, पण ते वरदान नाही, शाप आहे. कपाळावरची जखम भरत नाही, तेल मागत फिरतो असं लहानपणी ऐकलंय. 'कल्की २८९८ एडी'त (जून २०२४) अमिताभ बच्चन उभे राहिले की म्हणून दबायला होतं. आठ फुटांचा देह, पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि डोळ्यांत हजारो वर्षांचा थकवा. बाकी त्या सिनेमातला प्रभासचा पहिला तास मला अजिबात नाही आवडला, पण अश्वत्थाम्यासाठी दोनदा पाहिला.

तेव्हा परत आणायचं असेल तर आणा, पण आणणाऱ्यानं किंमत मोजलेली दिसू द्या. मार्व्हलवाल्यांचं चुकतंय ते इथं.

दोन लेकरांचा बाप (बीड)

मंडळी, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी कापूस-सोयाबीनवाला माणूस, जास्त इंग्रजी पिक्चर बघत नाही. 'ड्यून' पोरानं मोबाईलवर दाखवला, अर्ध्यात बंद केला. कोरडी जमीन, तोंडाला फडकं, पाण्यासाठी मारामाऱ्या. आम्ही हे बघायला पैसे द्यायचे? वर्षातले सहा महिने तेच बघतो.

जुलै २०२५ ला लेकरांना 'सुपरमॅन'ला नेलं होतं. धाकटी सहा वर्षांची. एवढी मोठी इमारत पडतीय, राक्षस पाय आपटतोय, आणि तो गडी मधीच एका खारुताईला उचलून बाजूला ठेवतो. माझी लेक उभी राहून टाळ्या वाजवू लागली. मागच्यानं बस म्हटलं तरी बसेना. घरी आल्यावर आमच्या कुत्र्याच्या गळ्यात लाल टॉवेल बांधला, त्या पिक्चरमधल्या क्रिप्टोसारखा.

सप्टेंबरात पाऊस कसा झाला ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या शिवारात नदीनं पात्र सोडलं, सोयाबीन तर गेलंच, वरची काळी माती खरवडून नेली, खाली मुरूम उघडा पडला. बीडला, धाराशिवकडं परंड्याला लोक छतावर अडकले होते, लष्कराच्या हेलिकॉप्टरनं काढले. हेलिकॉप्टर आमच्यावरून गेलं तेव्हा ही लेक अंगणात आली आणि तशाच टाळ्या वाजवल्या. मी डोक्याला हात लावून बसलो होतो. तिच्याकडं बघून उठलो.

कोण मेला, कोण परत आला, कुठल्या विश्वातला, हे तुम्ही ठरवा. माझ्या लेकराला एवढं कळलं की कुणीतरी वाचवायला येतं. मला तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे जड झाले नाहीत.

मांजराकाठ

दादा, तुमचं दोनदा वाचलं. 'ड्यून' सगळ्यांनी बघावाच हा माझा हट्ट मागं घेतो. ज्याच्या अंगावरून जातंय त्याला ते पडद्यावर पुन्हा दाखवायची गरज नाही, हे मला सुचायला हवं होतं. शेताची पाहणी झाली का? मदत मिळाली का?

खारुताईबद्दल मात्र तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात. तिथं एका खारीच्या जिवाला किंमत आहे म्हणून टाळ्या पडल्या.

दोन लेकरांचा बाप (बीड)

पंचनामा झाला. माती भरायला गाळ आणावा लागणार, त्याचं गणित चालू आहे.

औंढेकर (हिंगोली)

मी विज्ञानाचा शिक्षक. वादात 'इंटरस्टेलर' कुणीच काढला नाही याचं नवल वाटलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तो भारतात पुन्हा लागला. २०१४ चा सिनेमा, घरोघरी मोबाईलवर असलेला, तरी पोरांनी थिएटरं भरली. मी नांदेडहून रात्रीची गाडी धरून हैदराबादला जाऊन पाहिला. पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक कूपर तिथून परत येतो तर यानात तेवीस वर्षांचे निरोप साठलेले. तो खुर्चीत बसतो आणि मुलगा समोर मोठा होत जातो, लग्न, बाळ, बाळ गेल्याची बातमी. कुणी कुणाला मारत नाही, नुसती घड्याळं वेगळी चाललीत. माझ्या शेजारी एक इंजिनिअरिंगचा पोरगा हुंदके देत होता.

आता आपल्या भागाशी नातं. या सिनेमातलं कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून चितारलं होतं. हेच थॉर्न लायगोच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळांच्या, संस्थापकांपैकी एक. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोनं गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा पकडल्या आणि २०१७ ला थॉर्न, वाइस आणि बॅरिश यांना नोबेल मिळालं. तिसरी वेधशाळा, लायगो-इंडिया, आमच्या औंढा नागनाथजवळ उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं सुमारे २,६०० कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहून कमी हालचाल तिला कळायला हवी.

मी वर्गात खडूनं इंग्रजी एल काढतो आणि सांगतो, ही एक भुजा, ही दुसरी, लहर आली की एक लांबते, एक आखडते. मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, सर, त्या पिक्चरमध्ये बाप पुस्तकांच्या फडताळामागून पोरीला खुणा करतो, ते गुरुत्वाकर्षणच ना? हो म्हटलं. म्हणाला, मग आपल्या गावातून ऐकू येईल का? त्या दिवशी माझा तास घंटेनंतरही चालू राहिला.

सुपरहिरोवर माझा राग नाही. पण जी विज्ञानकथा आपल्या शिवारात उतरते तिची गोष्टच वेगळी.

तिसरी रांग (जालना)

सर, वर्गातलं वाचून छान वाटलं. तरी विचारतो, कूपर कृष्णविवरात पडतो. तिथं मरायलाच हवा होता. पाचव्या मितीतलं कुणीतरी त्याला झेलतं आणि घरी पाठवतं! हे मार्व्हलनं केलं असतं तर मांजराकाठांनी धागा काढला असता. दिग्दर्शक नोलनला माफ आणि डाउनीला शिक्षा, असं का?

औंढेकर (हिंगोली)

आत काय होतं ते विज्ञानाला सांगता येत नाही, तिथून पुढं कल्पना आहे, हे मान्य. पण तो परत येतो तेव्हा मुलगी म्हातारी होऊन खाटेवर आहे, तिच्याभोवती तिची नातवंडं, आणि ती बापाला सांगते, तू जा, आईबापानं लेकराचं मरण बघू नये. परभणीच्या ताईंनी म्हटलेली किंमत ती हीच. डूमच्या सिनेमात एवढं दाखवलं तर मी स्वतः पोरांना घेऊन जाईन.

गोदेचा घाट (नांदेड)

वादाला थोडा फाटा फोडतो. हे सगळे सिनेमे आपण हिंदीत बघतो. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' जून २०२३ ला भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. मराठीतला शो मला जवळपास कुठंच मिळाला नाही, शेवटी हिंदीतच पाहिला. 'अवतार'चा दुसरा भाग कन्नड, मल्याळममध्ये आला, मराठीत नाही.

आणि नुसतं डबिंगही नको. केरळात ऑगस्ट २०२५ ला 'लोका' आला. तिथल्या लोककथेतली यक्षिणी नीली, तिलाच सुपरहिरो केलं आणि सिनेमा देशभर गाजला. आपल्याकडं २०१५ ला 'बाजी' आला होता, श्रेयस तळपदेचा. धाडस होतं, फारसा चालला नाही, आणि मग सगळे गप्प बसले. एक सिनेमा पडला म्हणून थांबायचं का? तुळजापूरच्या गोंधळ्याच्या तोंडी किती कथा आहेत. संबळ वाजायला लागलं की अंगात जे येतं त्याला ग्राफिक्सही कमीच लागतील.

भारतात परभणी

गोंधळावर वेगळा धागा काढा, मी येते. माझ्या माहेरी लग्नानंतरचा गोंधळ पहाटेपर्यंत चालतो.

मांजराकाठ

'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'ची तारीख १८ डिसेंबर २०२६ लागलीय. मावसभाऊ आता कॉलेजात आहे. काल त्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. सत्यवानाच्या ओळींपाशी म्हणाला, पुन्हा वाच. मग म्हणाला, डाउनीला फुकट परत आणलं असेल तर मध्यंतरातच उठू, दोघं.

तिकिटं तोच काढणार आहे.