ग्लोव्हजमुळे तुमच्या हातांना काय झालं? अनुभव लिहा

मी पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात सिस्टर आहे, १४ वर्षं झाली. परवा वॉर्डात नव्याने लागलेल्या एका मुलीने ड्यूटी संपताना हात पुढे केले. दोन्ही मनगटांवर, ग्लोव्हची गुंडाळी जिथे बसते बरोबर तिथे, बांगडीसारखी लाल रेघ आणि तिच्यावर पाण्याचे बारीक फोड. "सवय होईल," असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. मलाही हेच सांगितलं होतं. सवय होत नाही, त्रास वाढत जातो. म्हणून हा धागा काढते आहे.

माझं सांगते. खाज सुटली की मेडिकलमधून गजकर्णाची म्हणून मिळालेली ट्यूब लावायची, असं मी वर्षभर केलं. तिच्यात स्टिरॉइड होतं, त्यामुळे चार दिवस बरं वाटायचं आणि सोडली की दुपटीने उठायचं. लेटेक्सच, म्हणजे रबराच्या झाडाचा चीकच वाईट, असं ठरवून स्वतःच्या पैशाने नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे ग्लोव्हज आणले, तरी खाज तशीच. शेवटी पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या चकत्यांमधून वेगवेगळे पदार्थ चिकटवतात आणि ४८ तास पाठ भिजवायची नाही. मे महिन्यातल्या उकाड्यात ते दोन दिवस कसे काढले ते मलाच माहीत. पट्ट्या काढल्यावर एकदा बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा. माझ्या पाठीवर थायुरामचा चट्टा उठला होता. रबर पक्कं करायला जी रसायनं घालतात त्यांतलं हे एक, आणि त्याच जातीची रसायनं नायट्राइलमध्येही असतात. आता खोक्यावर 'ॲक्सिलरेटर-फ्री', म्हणजे ही रसायनं नसलेले, असं लिहिलेले ग्लोव्हज वापरते. सहा आठवड्यांत कातडी भरून आली.

तुमचे अनुभव लिहा. घरचे, कारखान्यातले, पार्लरमधले, सगळे चालतील.

कोथरूडहून

माझा अनुभव माझ्या हातांचा नाही, आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताईंचा आहे. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या, मिरची चिरली की डोळ्यांतून पाणी यायचं. मी रबरी हातमोजे आणून दिले. पंधरा दिवसांनी हात आणखी बिघडले. मोज्यात पाणी शिरायचं, आत घाम, आणि त्या तशाच पाच घरं करायच्या. ससून रुग्णालयात त्वचेच्या ओपीडीत घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले की ही ॲलर्जी नाही, साबण, पाणी आणि घाम यांनी कातडी झिजली आहे. आत सुती मोजे, वरून रबरी, दर घराला सुती जोड बदलायचा, रात्री व्हॅसलीन चोपडायचं. सुती मोज्यांचे सहा जोड घेतले. दिवाळीला ताईंनी हातावर मेंदी काढून दाखवली. पहिल्यांदा विचारायला मला दोन वर्षं लागली, याचं अजून वाईट वाटतं.

डेंटिस्ट, सिंहगड रोड

माझी गोष्ट जरा मोठी आहे, पण पूर्ण लिहिते, कारण आमच्या क्षेत्रात हे लपवलं जातं.

कॉलेजात असताना पावडरचे ग्लोव्हज होते. घातले की पाच मिनिटांत तळहात खाजायचे, काढले की तासाभरात सगळं साफ. मग शिंका सुरू झाल्या. मुठा नदीच्या बाजूचा दमटपणा, असं मी समजत होते. घरी शिकरण खाल्ली की घशात खवखव व्हायची. आई म्हणायची, "दूध आणि केळं विरुद्ध आहार, म्हणून होतं." पपई खाल्ली की ओठ झिणझिणायचे. या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं स्वप्नातही आलं नाही.

पुतण्याच्या वाढदिवसाला फुगे फुगवायला बसले. चौथ्या फुग्याला वरचा ओठ जड झाला. आरशात बघितलं तर नाकापर्यंत सुजलेला. मानेवर, पोटावर पित्ताच्या गांधी उठल्या. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी कालवून अंगाला लावायला घेतलं, पण तेवढ्यात आवाज बसला आणि श्वासाला शिट्टी लागली. नवऱ्याने तसंच गाडीत घातलं. कॅज्युअल्टीत मांडीत ॲड्रेनॅलिन दिलं तेव्हा श्वास मोकळा झाला. आणि तिथेच नाडी बघायला आलेल्या मुलाच्या हातात लेटेक्सचे ग्लोव्हज! बोलता येत नव्हतं, मी हात झटकत राहिले.

आता माझ्या दवाखान्यात लेटेक्स नाही. पाकिटात लेटेक्सच्या ॲलर्जीची चिठ्ठी असते. गेल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आधीच सांगितल्यामुळे मला सकाळची पहिली केस म्हणून घेतलं. रात्रभर थिएटर बंद असतं, हवेतले कण खाली बसलेले असतात, म्हणून पहिली.

भोसरी

शॉपफ्लोअरवर आहे. हिरवे कोटिंगवाले मोजे, आत कूलंट (मशीन थंड ठेवायला सोडतात ते) झिरपतं. सुपरवायझर म्हणाला, मोजे काढून काम कर. मोजे काढले तर बर, म्हणजे धातूची धारदार कड, लागते, घातले तर कातडी सोलते. वरच्या ताईंच्या सुती मोज्यांचं उद्या करून बघतो.

त्वचारोगतज्ज्ञ, डेक्कन

चौघांच्या त्रासांत तीन वेगळे प्रकार आहेत, हे लोकांना कळावं म्हणून लिहितो. भांडी घासणाऱ्या ताईंचा आणि बहुधा भोसरीच्या दादांचा त्रास म्हणजे कातडी झिजणं. हेच सर्वांत जास्त दिसतं. सिस्टरांचा त्रास रसायनांचा. तो एक-दोन दिवसांनी उठतो, म्हणून कशाने झालं ते उमगत नाही. डेंटिस्ट मॅडमचा त्रास रबराच्या चिकातल्या प्रथिनांचा, तो मिनिटांत येतो आणि जिवावर बेतू शकतो. केळं, पपई, किवी, ॲव्होकॅडो यांतली काही प्रथिनं त्या चिकासारखी असतात, म्हणून शिकरण बाधली. अशा माणसाने फुगे, निरोध, लघवीची नळी, सगळ्याची आधी चौकशी करावी. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे ज्या मुलांची वारंवार ऑपरेशनं होतात, त्यांना हा धोका फार असतो. त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं.

शिंकांचं कारण पावडर. ती मक्याच्या स्टार्चची असते, प्रथिनं धरून हवेत उडते. अमेरिकेने २०१७ च्या जानेवारीपासून पावडरच्या वैद्यकीय ग्लोव्हजवर बंदी घातली. आपल्याकडे खोकं घेताना 'पावडर-फ्री' वाचून घ्या. आणि पुणेकरांसाठी एक: हात आणि चेहरा दोन्ही खाजत असतील तर सगळा दोष ग्लोव्हजवर टाकू नका. गाजर गवत भारतात ज्या ठिकाणी सुरुवातीला नोंदलं गेलं ते आपलं पुणं, १९५० च्या दशकात. त्याच्या ॲलर्जीनेही हात-चेहरा खाजतो, आणि पॅच टेस्टमध्ये ती अजून निघते.

सिस्टर, तुमच्यासाठी एक जुनी गोष्ट. अमेरिकेतल्या बाल्टिमोरला १८८९ च्या सुमारास कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या सिस्टरचे हात जंतुनाशकाने सोलून निघत. सर्जन हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. ऑपरेशनच्या खोलीत मोजे आले ते आधी एका सिस्टरचे हात वाचवायला.

धागाकर्ती

डॉक्टर, हे मला १४ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आज मेट्रनना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी स्टोअरला पावडर-फ्री नायट्राइलची दोन खोकी लिहून दिली, आणि त्या मुलीला गुरुवारी पॅच टेस्टसाठी सुट्टी. शनिवारी तिच्या पट्ट्या निघतील, इथे येऊन सांगते.

भोसरीचे दादा, सुती मोजे कूलंटने भिजले की लगेच बदला, ओले ठेवू नका. आणि हातांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. माझ्याकडे एकही नव्हता.