नाश्ता पोटभर, शुगर नॉर्मल, तरी साडेदहाला कडकडून भूक. का?

अर्धविराम
सकाळी आठला ४० ग्रॅम इन्स्टंट ओट्स (पाण्यात), एक केळं आणि २५० मिली संत्र्याचा रस. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर १०४. तरी साडेदहाच्या पुढे कडकडून भूक लागते, हातपाय गळल्यासारखे होतात. ओट्सचा जीआय (ग्लायसेमिक इंडेक्स, पदार्थाने रक्तातली साखर किती चढते याचा आकडा) कमी असतो ना? मधुमेह नाही, कुठलं औषध चालू नाही. कर्बोदकं कमी करायची की नाश्ताच वाढवायचा?

मोजपट्टी
आधी बेरीज करा. ओट्समधून साधारण २६ ग्रॅम कर्बोदकं, केळ्यातून २५, रसातून २६. झाली पंच्याहत्तरच्या वर. मधुमेह तपासायच्या ग्लुकोज टॉलरन्स टेस्टला पाजतात तेही ७५ ग्रॅम ग्लुकोजच. प्रथिनं मात्र जेमतेम ८ ग्रॅम, आणि स्निग्धांश जवळपास नाहीच.

दोन तासांच्या एका आकड्यावरून यातलं काही कळत नाही. निरोगी माणसाची साखर खायला सुरुवात केल्यापासून तासाभरात शिखर गाठते आणि दोन तासांत बरीच उतरलेली असते. तुमची अडचण त्याच्या पुढची आहे. झटपट शोषली जाणारी कर्बोदकं एकदम आली की इन्सुलिनही त्या बेताने सुटतं. आतड्यातून येणारं ग्लुकोज आटतं, पण इन्सुलिनचा अंमल अजून ओसरलेला नसतो. मग साखर उपाशीपोटीच्या पातळीच्याही थोडी खाली जाते. २०२१ साली 'नेचर मेटाबॉलिझम'मध्ये आलेल्या अभ्यासात पुढच्या भुकेशी नातं दिसलं ते दोन-तीन तासांनंतरच्या या घसरणीचं. शिखर किती उंच गेलं याचं फारसं नाही. हा हायपो (साखर धोक्याच्या पातळीखाली जाणं) नव्हे. आकडा ७० च्या वर असतानाही भूक लागू शकते.

तिरका डोळा
जीआयबद्दल थोडं. तो ५० ग्रॅम पचण्याजोगी कर्बोदकं देऊन, रक्तातल्या साखरेच्या दोन तासांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ ग्लुकोजशी (१००) ताडून काढतात. जाड रोल्ड ओट्स ५५ च्या आसपास येतात, इन्स्टंट ७५ च्या पुढेमागे. पाकिटावर दोन्ही 'ओट्स'च. इन्स्टंटमध्ये दाणा बारीक करून, पातळ लाटून आधीच शिजवलेला असतो, त्यामुळे स्टार्च पचायला वेळच लागत नाही.

पण तुमच्या नाश्त्यातला खरा गुन्हेगार रस. १९७७ च्या एका प्रयोगात तेवढ्याच कर्बोदकांची सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, गर करून आणि रस काढून. साखर तिन्हींत सारखीच चढली. रसानंतर मात्र इन्सुलिन जास्त सुटलं, साखर नंतर जास्त घसरली आणि पोट सगळ्यात कमी भरलं.

आणि कमी जीआय म्हणजे कमी भूक, असंही धरून चालू नका. १९९५ च्या तृप्ती निर्देशांकात (कोणत्या पदार्थाने पोट किती भरतं याचा आकडा) पांढरा ब्रेड १०० धरला, तर तेवढ्याच कॅलरींचे उकडलेले बटाटे ३२३ वर होते, क्रोसाँ (भरपूर लोण्याचा पाव) ४७ वर. बटाट्याचा जीआय चांगला चढा असतो, तरीही! वजन आणि पाणी जास्त, तेल नाही, म्हणून पोट भरतं.

अर्धविराम
म्हणजे रस बंद. बाकी नेमकं काय बदलू?

मोजपट्टी
ओट्स ४० ग्रॅमच ठेवा, पण जाड रोल्ड घ्या आणि दुधात शिजवा. केळं अर्धं. सोबत दोन अंडी, किंवा २०० ग्रॅम घट्ट, पाणी गाळलेलं दही. प्रथिनं २० ग्रॅमच्या आसपास जातील. अंडी किंवा दही आधी, ओट्स नंतर; नुसत्या या क्रमानेही शिखर खाली येतं, कारण जठर सावकाश रिकामं होतं. खाल्ल्यावर १०-१५ मिनिटं चाला. चालते स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज उचलतात.

नुसती कर्बोदकं कापून त्या जागी काहीच न घेणं ही नेहमीची चूक. कॅलरी घटतात आणि भूक उलट लवकर लागते. पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं (शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं), त्यावर हुरळू नका.

तिरका डोळा
मोजायचंच असेल तर उपाशीपोटी, मग पहिल्या घासापासून ६०, १२० आणि १८० मिनिटांनी. जुना नाश्ता एक दिवस, नवा एक दिवस. हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला केळं लागलेलं असेल तर आकडा भलताच चढतो. मीटरला १५ टक्क्यांची सूट मान्य आहे, म्हणजे तुमचे १०४ हे खरे ९० ते १२२ मधले काहीही असू शकतात. आठ-दहाच्या फरकावर निष्कर्ष काढू नका.

हातपाय गळतील तेव्हाही एकदा तपासा. ५५ च्या खाली दिसलं तर नाश्ता बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि धागा वाचणाऱ्यांपैकी कुणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेत असेल, तर डोस ठरवून घेतल्याशिवाय कर्बोदकं कमी करू नयेत. ७० च्या खाली गेलं तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.