थॅडियस स्टीव्हन्स यांच्यावरील व्याख्यानात १८२१ चा खटला घ्यावा का?

विधी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर
महाविद्यालयातील व्याख्यानासाठी मी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे वकील आणि राजकारणी थॅडियस स्टीव्हन्स (१७९२–१८६८) यांची निवड केली आहे. गुलामगिरीचे कट्टर विरोधक म्हणून ते ओळखले जातात. परंतु १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या स्त्रीने स्वतःच्या आणि मुलांच्या मुक्ततेसाठी लढवलेल्या खटल्यात ते मालकपक्षाकडून उभे राहिले आणि जिंकले. हा खटला सांगावा की वगळावा?

जिल्हा न्यायालयातील एक वकील
अवश्य सांगा, आणि सुरुवातीलाच सांगा. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गुलामाला पेनसिल्व्हेनियात सहा महिने ठेवल्यास तो मुक्त होई. चॅरिटी यांच्या वेगवेगळ्या मुक्कामांची बेरीज त्याहून अधिक भरत होती. परंतु वास्तव्य सलग असले पाहिजे, हा स्टीव्हन्स यांचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला आणि एक आई मुलांसह पुन्हा गुलामगिरीत गेली. एवढ्या एका मुद्द्यावर माणसांचे आयुष्य कसे फिरते, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना कळलेच पाहिजे. याच वकिलाने पुढे पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रे घेतली आणि १८३८ मध्ये मताधिकार केवळ गोऱ्यांपुरता ठेवणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेवर सही करण्यास नकार दिला.

निवृत्त शिक्षक, सोलापूर
वकीलसाहेबांशी मी सहमत आहे. मात्र ताई, १८३५ चे शाळांविषयीचे भाषण विसरू नका. आदल्याच वर्षी झालेला मोफत शाळांचा कायदा करदात्यांच्या रोषामुळे रद्द होण्याच्या बेतात होता आणि राज्याच्या सिनेटने तसे मतही दिले होते. गुन्हेगारांना पोसण्यासाठी लोक आनंदाने कर भरतात, पण मूल गुन्हेगार होऊ नये म्हणून लागणाऱ्या कराबद्दल तक्रार करतात, असे स्टीव्हन्स यांनी प्रतिनिधिगृहात ठणकावले आणि कायदा वाचला. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला हेच काम सर्वांत मोलाचे वाटते.

विधी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर
दोघांचेही मनापासून आभार. मग अमेरिकेच्या संविधानाच्या चौदाव्या घटनादुरुस्तीला किती वेळ द्यावा?

जिल्हा न्यायालयातील एक वकील
थोडा, पण नेमका. १८६६ मध्ये तो मसुदा त्यांना अपुरा वाटत होता, तरीही आपण देवदूतांत नव्हे तर माणसांत राहतो, असे सांगून त्यांनी त्याला मत दिले. त्यातील ‘कायद्याचे समान संरक्षण’ आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्येही आहे. दोन्ही तरतुदी शेजारी ठेवून वाचून दाखवा.